पुढच्या शिफ्टला चार्ज देताना

कामाच्या सवयींवर लिहिणाऱ्यांना सकाळचं भारी वेड. पहाटे उठा, ध्यान करा, डायरी लिहा, फोनला हात लावू नका, सगळ्यात अवघड काम आधी हातावेगळं करा. यातलं बरंचसं मी करून पाहिलंय, काही गोष्टी चांगल्याही आहेत, पण दिवसाच्या दुसऱ्या टोकाबद्दल कुणी फारसं बोलतच नाही. म्हणजे काम थांबवताना आपण नेमकं काय करतो? बहुतेक जण काहीच करत नाहीत. घड्याळ बघतात, बाप रे म्हणतात, लॅपटॉप मिटतात आणि सुटतात. आणि मग जेवताना, कुणाशी बोलताना, अंथरुणावर पडल्यावर डोक्यात तेच चालू, त्या मेलला उत्तर दिलं का, तो आकडा बरोबर होता ना, उद्या पहिल्यांदा काय करायचंय.

माझं आता असं मत झालंय की नोकरीतल्या माणसाला एकच सवय लावायची असेल तर ती काम संपवतानाच्या शेवटच्या दहा मिनिटांची लावावी. बाकीच्या नाही लागल्या तरी चालतील, खरंच.

माझं काम आकड्यांचं आणि रिपोर्टचं. एकेक रिपोर्ट चार-पाच दिवस चालतो, मधे मीटिंगा, मेल, "दोन मिनिटं आहेत का" असं विचारत येणारे आणि अर्धा तास बसणारे लोक. त्यामुळे रोज सकाळचा पहिला बराचसा वेळ काल आपण कुठे होतो हे शोधण्यात जायचा. फाईल उघडायची, वर-खाली स्क्रोल करायचं, हा सेल पिवळा का केलाय, हा आकडा कुणाच्या मेलमधून उचललाय, या दोन फाईलींपैकी नवी कुठली. गंमत म्हणजे या वेळेला कुणी वाया गेलेला वेळ म्हणत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते कामच वाटतं. आपल्यालाही वाटतं.

माझी मावसबहीण आयसीयूत नर्स आहे. तिच्यापुढे एकदा हेच रडगाणं गात होते तर ती मधेच तोडून म्हणाली, "ताई, तू पुढच्या शिफ्टला चार्ज कसा देतेस?"

मी म्हटलं, "अगं माझ्या कामात कसली शिफ्ट, सकाळी परत मीच येते."

"मग तीच तुझी पुढची शिफ्ट. तिला काय माहीत असतं ते सांग ना."

मग तिने त्यांच्याकडे कसं चालतं ते सांगितलं. ड्युटी संपताना नुसतं "सगळं ठीक आहे" म्हणून निघता येत नाही. एकेका पेशंटपाशी उभं राहून सांगायचं, याला काय झालंय, आजवर काय काय दिलं, कुठला रिपोर्ट यायचाय, आणि मुख्य म्हणजे मला काय वाटतंय आणि तू कशावर लक्ष ठेव. यासाठी बऱ्याच हॉस्पिटलांत एक ठरलेला साचाही वापरतात, एसबार म्हणतात त्याला: परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, आणि आता काय करायला हवं. तो मूळचा अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधला, तिथून हॉस्पिटलांत आला. मला त्यातले शेवटचे दोन भाग फार आवडले. परिस्थिती तर फाईल बघूनही कळते, पण जाणाऱ्या माणसाच्या मनात जो एक संशय असतो, "बीपी ठीक दिसतंय पण मला काही बरं वाटत नाहीये", तो कुठल्याच मशीनवर दिसत नाही. तो सांगितला नाही तर त्या माणसाबरोबर घरी निघून जातो.

आणि तो घरी निघून गेला तर काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे पायपर अल्फा. उत्तर समुद्रातला तेल आणि गॅस काढायचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दिवसाच्या शिफ्टने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता, काम वेळेत संपलं नाही म्हणून त्या जागी तात्पुरती झाकणपट्टी लावून ठेवली. संध्याकाळी शिफ्ट बदलली, त्या कामाच्या परवान्याचा कागद ठेवला गेला, पण समोरासमोर कुणी कुणाला धड सांगितलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांना पहिल्या पंपाच्या दुरुस्तीचा वेगळाच कागद सापडला, त्यावरचं काम सुरूच झालं नव्हतं, म्हणजे पंप चालवायला हरकत नाही असं समजून त्यांनी तो चालू केला. व्हॉल्व्हचा कागद त्यांनी पाहिलाच नव्हता. गॅस गळली, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात कामाच्या परवान्यांची पद्धत आणि शिफ्ट बदलतानाचा निरोप या दोन्हींवर बोट ठेवलेलं आहे.

आता माझ्या रिपोर्टने कुणाचा जीव जात नाही, जास्तीत जास्त कुणाचा तरी मूड जातो. पण यंत्रणा तीच. काम अर्धवट आहे हे ज्याला माहीत तो निघून गेला आणि जो आला त्याला ते माहीत नाही. फरक एवढाच की माझ्याकडे जाणारीही मी आणि येणारीही मी, त्यामुळे सांगायची गरज काय असं वाटतं. गरज असते. संध्याकाळी सहाला ज्या बाईला तो पिवळा सेल तोंडपाठ असतो ती सकाळपर्यंत उरत नाही.

हे डोक्यात रात्रभर फिरणारं प्रकरण जे आहे त्यावर अभ्यासही बराच झालाय. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग केले, ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले, लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मधेच थांबवली, तर पुरी झालेल्या कामांपेक्षा तुटलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा आठवणीचा भाग दर वेळी तसाच सापडला नाही, हेही खरं. पण त्याच गटातल्या मारिया ओव्स्यांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त टिकली: कुणी सांगितलं नाही, बक्षीस नाही, तरी माणूस अर्धवट सोडलेल्या कामाकडे परत वळतो. अर्धवट काम दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखं असतं, आत घ्या नाहीतर उद्या या म्हणून सांगा, पण काहीतरी सांगा, नाहीतर तो बेल वाजवतच राहणार.

"उद्या या" एवढंच सांगितलं तरी चालतं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा दिलासा. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं राहिलेलं काम दुसरं काही वाचताना मधे मधे घुसतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नीट प्लॅन केला की घुसणं थांबतं. काम झालेलं नसतं, फक्त त्याची सोय लागलेली असते. आणि बेलर युनिव्हर्सिटीत मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुण मंडळींना झोपेच्या लॅबमध्ये झोपवून पाहिलं, निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या काही दिवसांत काय करायचंय ते लिहिलं, निम्म्यांनी काय काय करून झालंय ते लिहिलं. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी ९ मिनिटं आधी झोपले. त्यातही ज्यांची यादी जास्त बारकाईने लिहिलेली ते आणखी लवकर. मला तर उलटं वाटलं असतं, की उरकलेल्या कामांची उजळणी करणारा समाधानाने झोपेल आणि दुसरा काळजीने जागा राहील. पण नाही.

तर मी करते काय. निघायच्या पंधरा मिनिटं आधी फोनवर एक आवाज होतो. त्यानंतर नवीन काहीही उघडायचं नाही, मेल तर नाहीच नाही. एक साधी वही आहे, तिच्यात त्या दिवसाचं पान. खाली एका दिवसाचं जसंच्या तसं देते:

"कुठे थांबले: विभागवार तक्ता, ओळ १४. मार्चचा आकडा दोनदा धरला गेलाय असा संशय. मूळ शीटशी ताडून बघ, तोवर पुढचा मजकूर लिहू नकोस.

कुणाची वाट: अकाउंट्सकडून सुधारित फाईल. मेल गेलाय. ११ पर्यंत नाही आली तर फोन कर, परत मेल नको.

पहिलं काम: शीट उघड, मार्च फिल्टर लाव, बेरीज बघ. बस."

यातलं ते "बस" फार कामाचं आहे. पहिलं काम इतकं लहान हवं की करायला हुरूप लागू नये. "मार्चचा घोळ निस्तर" असं लिहिलं असतं तर सकाळी मी ते वाचून आधी मेल बघायला गेले असते, कारण घोळ निस्तरणं म्हणजे नेमकं काय करायचं हे परत डोकं लावून ठरवावं लागतं, आणि सकाळी सकाळी ठरवायचा कंटाळा येतो. फिल्टर लावायला काही ठरवावं लागत नाही. एकदा फिल्टर लागला की माणूस आपोआप कामात शिरतो.

आणि तो संशय. तो सगळ्यात नाशवंत माल. संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत "इथे काहीतरी चुकतंय" असं जे वाटतं ते बऱ्याचदा खरं असतं, फक्त तेव्हा शोधायचं त्राण नसतं. सकाळी त्राण असतं पण संशय उडून गेलेला, ताजंतवानं डोकं त्या आकड्यावरून सरळ पुढे निघून जातं. मी तर म्हणेन बाकी काही लिहू नका, पण शंका तेवढ्या लिहा.

हे फक्त संध्याकाळचंच आहे असंही नाही. सोफी लेरॉय यांचा २००९ चा अभ्यास आहे, एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी मनाचा एक तुकडा आधीच्या कामात अडकून राहतो आणि नव्या कामाची वाट लागते. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि टेरेसा ग्लॉम्ब यांनी उपायही तपासला. कुणी मधे थांबवलं तर लगेच उठायचं नाही, मिनिटभर घेऊन आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर काय करणार एवढं लिहायचं आणि मग जायचं. तसं केलेल्या लोकांचं मधल्या कामातलं लक्ष बरं राहिलं. म्हणजे "दोन मिनिटं आहेत का" वाल्याला मी आता "एक मिनिट थांबा" म्हणते आणि खरंच एक ओळ खरडते. सुरुवातीला लोकांना हे जरा विचित्र वाटलं. आता माझी वही उघडली की ते आपणहून थांबतात, काही जण तर तेवढ्यात आपला प्रश्न नीट करून घेतात.

आता यातला सगळ्यात न ठरवता मिळालेला फायदा सांगते, खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. पानं साठत गेली की ती वाचता येतात. आणि वाचली की आपल्याबद्दल अशा गोष्टी कळतात ज्या कुठल्याही वार्षिक अप्रेझलमध्ये कळत नाहीत.

एक म्हणजे वेळेचे अंदाज. "उद्या दुपारपर्यंत संपेल" हे वाक्य लागोपाठच्या किती पानांवर आहे हे बघून हसू येतं. यात मी एकटी नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील. सरासरी अंदाज आला ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आणि सगळं वाईटात वाईट झालं तर किती, असं विचारून घेतलेला अंदाजसुद्धा ४९ च्या आसपासच होता. म्हणजे वाईटात वाईट धरूनही आपण आशावादीच. यावर माझा उपाय फार शहाणपणाचा नाही, मागच्या अशाच रिपोर्टची पानं मोजते आणि तोच आकडा सांगते. समोरचा म्हणतो एवढे दिवस कशाला. मी म्हणते मागच्या वेळी लागले होते. यावर वाद घालता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकत राहणाऱ्या ओळी. काही ओळी एका पानावर येतात, होतात, जातात. काही मात्र रोज नव्या पानावर उतरवाव्या लागतात. माझ्या वहीत अशी एक ओळ होती, "अॅनालिसिसच्या कामाबद्दल मॅनेजरशी बोलणे". मला नुसते रिपोर्ट जुळवण्यातून बाहेर पडून पुढचं काम शिकायचं होतं. ही ओळ मी इमानदारीत रोज उतरवत होते, सुवाच्य अक्षरात. बहिणीला हे सांगितलं असतं तर तिने मला कच्चं खाल्लं असतं, कारण "सहा नंबर बेड बघायचाय" असं प्रत्येक शिफ्टने पुढच्या शिफ्टला नुसतंच सांगत राहायचं आणि बघायचं कुणीच नाही, याला चार्ज देणं म्हणत नाहीत.

सरकणाऱ्या ओळींमागे काय असतं? कधी ते काम एका ओळीत मावणारं नसतं, "वेबसाईट सुधारणे" वगैरे, ती फोडली की चालू पडते. कधी ते काम मुळात आपलं नसतं, कुणीतरी कुठल्या तरी मीटिंगमध्ये आपल्या गळ्यात मारलेलं असतं, ते परत करावं. पण जी ओळ लहानही आहे, आपलीही आहे आणि तरी सरकते, तिथे भीती असते. माझ्या ओळीत तीच होती. नाही म्हणाले तर? किंवा त्याहून वाईट, हो म्हणाले आणि मला जमलं नाही तर? हे मला विचार करून कळलं नव्हतं, अनेक पानांवर एकच वाक्य एकाच अक्षरात बघितल्यावर कळलं. ऑफिसात आपण बिझी असल्यामुळे काही गोष्टी राहून जातात असं आपण सांगतो, आपल्यालाही. वहीत मात्र दिसत होतं की त्याच दिवसांत त्याहून बिनमहत्त्वाची कितीतरी कामं मी हौसेने उरकली होती.

मग ती ओळ बदलली. "मॅनेजरकडे पंधरा मिनिटं माग. विषय आत्ता सांगू नकोस." एवढं करायला भीती वाटत नाही. वेळ मागितली, मिळाली, आणि एकदा वेळ मिळाली की समोर बसून हवापाण्यावर तर बोलता येत नाही. ते "बघू" म्हणाले. लगेच काही बदललं नाही, सिनेमासारखं काही झालं नाही, पण पुढे एका कामात त्यांनी मला घेतलं आणि आता आठवड्यातला थोडा वेळ मी ते काम करते, अजून शिकतेच आहे.

सवय लागायला किती दिवस लागतात हा प्रश्न हमखास येतो. २१ दिवस हे सगळ्यांना पाठ, त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणात आहे, नवीन चेहऱ्याची वगैरे सवय व्हायला माणसाला किमान २१ दिवस लागतात असं. त्यातला "किमान" वाटेत कुठेतरी गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात काही विशेष बिघडलं नाही. साखळी तुटली म्हणून वही फेकून देणारे लोक मी पाहिलेत. पान कोरं राहिलं तर राहिलं, पुढचं लिहा.

लागायला मदत झाली ती त्या ठरलेल्या वेळेच्या आवाजाची. पीटर गोलवित्झर यांचं जुनं काम आहे यावर, "मी रोज लिहीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं की ते जास्त घडतं. आवाज झाला की वही. इच्छाशक्तीचा प्रश्नच ठेवायचा नाही. अॅप्स मीही वापरून पाहिली, रंगीत लेबलं, आलेख, सगळं. अॅप उघडलं की शेजारचं मेलचं चिन्ह दिसतं आणि संपलं. वही काही दाखवत नाही म्हणून बरी. पण ज्याला फोनवर व्हॉइस नोट सोडणं जमतं त्याने ते करावं, माझा एक सहकारी तेच करतो आणि सकाळी स्वतःचाच वैतागलेला आवाज ऐकत कामाला लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. काम चार माणसांचं आणि माणसं दोन, असं असेल तर कुठल्याही वहीने ते पुरं होणार नाही. सवयींच्या नावाखाली कंपनीची कमतरता माणसाच्या माथी मारायचा जो उद्योग चालतो तो मला अजिबात पटत नाही, "तुमचं टाइम मॅनेजमेंट सुधारा" म्हणे. वहीचा तिथे उपयोग एवढाच की काय शिल्लक राहतंय आणि का, हे लेखी दाखवता येतं. तसंच ज्यांच्या दिवसाला शेवटच नाही, घरात आजारी माणूस आहे, लहान मूल आहे, त्यांना "शेवटची दहा मिनिटं" म्हणणं म्हणजे चेष्टाच. माझी एक मैत्रीण मूल झोपल्यावर एकच ओळ लिहिते, पहिलं काम फक्त. तिला तेवढं पुरतं म्हणते.

आणि शुक्रवारचं मला अजून नीट जमलेलं नाही. रोजच्या तीन ओळी दुसऱ्या दिवशी पुरतात, पण दोन दिवस मधे गेले की सोमवारची बाई जवळजवळ परकी असते, तिला "मार्च फिल्टर लाव" वाचून कुठला मार्च असा प्रश्न पडतो. म्हणून शुक्रवारी आता लांब लिहिते, फाईलचं पूर्ण नाव, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कुणाशी काय बोलणं झालं, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि त्याच वेळी सगळ्यांना निघायची घाई. सध्या आवाज शुक्रवारपुरता अर्धा तास आधी लावलाय. त्या वेळेला एक मीटिंग येते, ती हलवता येते का ते विचारायचंय. ही ओळ दोन पानं सरकलीय.